पंधरा दिवस आणि सहा नंबरचा फॉर्म

परिविक्षा अधिकारी म्हणून माझ्याकडे आलेल्या पहिल्या मुलाची फाईल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाच्या घरची परिस्थिती बाल न्याय मंडळाला कळवायची आणि मंडळाने घरी सोडल्यावर त्याच्यावर देखरेख ठेवायची, हे या अधिकाऱ्याचं काम. मी रुजू झाले तेव्हा कायदा वाचलेला होता, नियमही वाचलेले होते, पण पहिल्या सकाळी उठून नेमकं कुठे जायचं आणि कुणाशी काय बोलायचं हे कुणी लिहून ठेवलेलं सापडलं नव्हतं. नवीन रुजू होणाऱ्यांना, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षातल्यांना आणि एके दिवशी अचानक मुंबईत डोंगरीच्या निरीक्षणगृहाच्या गेटबाहेर उभं राहावं लागलेल्या एखाद्या आईला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. म्हणून नाव, वस्ती, शाळा, पोलीस ठाणं यांतलं काहीच इथे नाही. तारखा थोड्या मागेपुढे केल्या आहेत, घरातले काही तपशील बदलले आहेत. त्याच्या आईला आणि त्याला हे सगळं वाचून दाखवलं. आईने एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं.

मार्च २०२३ मध्ये जाहिरात आली होती. पद कंत्राटी, अकरा महिन्यांचा करार. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या निकषांत विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्याला तेव्हा महिन्याला २७,८०४ रुपये मानधन होतं. एप्रिलमध्ये मुलाखत झाली, मग यादीची वाट पाहण्यात महिना गेला, मग कागद जमवण्यात आणखी पंधरा दिवस. एमएसडब्ल्यूचं प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय दाखला आणि तेव्हा शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करारनामा. चारित्र्य पडताळणीला वेळ लागतो, तिचा अर्ज मुलाखतीच्या दिवशीच करून टाका. १२ जूनला रुजू झाले. पहिल्या दोन महिन्यांचं मानधन उशिरा आलं आणि प्रवासखर्चाची बिलं त्याहून उशिरा, तेव्हा हाताशी थोडे पैसे ठेवूनच या. मी पहिल्या दिवसापासून एका छोट्या वहीत तारीख, कुठून कुठे, किती रुपये एवढं लिहीत गेले. त्या वहीमुळे नंतर सगळी बिलं मंजूर झाली.

पहिला महिना जुन्या फायली वाचण्यात गेला. माझ्या शेजारच्या टेबलावर एक ज्येष्ठ अधिकारी होते, वीस वर्षं याच कामात. मी त्यांना सर म्हणते. त्यांच्यासोबत पहिल्यांदा डोंगरीला गेले. सँडहर्स्ट रोडला उतरून चालत दहा-बारा मिनिटं. उमरखाडीची ती उंच काळी भिंत बघून माझे पाय जड झाले. हा पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस इथेच होते. आज आत निरीक्षणगृह आहे, चौकशी चालू असताना ठेवलेली मुलं आहेत, तरी भिंत तुरुंगाचीच आहे आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती तशीच दिसते. हे मी अजून विसरत नाही.

अशा मुलांची प्रकरणं कोर्टाऐवजी बाल न्याय मंडळापुढे चालतात. मंडळाची खोली मात्र मनात होती तशी नव्हती. उंच व्यासपीठ नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. एका टेबलामागे न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवी सदस्य, त्यातली एक महिला असावीच लागते. समोर खुर्च्या. मुलाला घेऊन येणारे पोलीस साध्या कपड्यांत. काही शब्दही इथे चालत नाहीत. मुलाला 'आरोपी' म्हणायचं नाही, त्याला 'अटक' झाली असं लिहायचं नाही. सरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तरी माझ्या पहिल्या कच्च्या अहवालात 'आरोपी' तीनदा आला होता.

११ जुलैला सकाळी साडेदहाला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचा फोन आला. सोळा वर्षांचा मुलगा, बसच्या गर्दीत मोबाईल चोरल्याचा आरोप, सोबत चोवीस वर्षांचा एक तरुण. चोरी हा या कायद्यात छोट्या स्वरूपाच्या गुन्ह्यांत मोडतो आणि एकट्या मुलावर एफआयआर होत नाही, पण सोबत सज्ञान माणूस असल्यामुळे झाला होता. चोवीस तासांच्या आत मुलाला मंडळापुढे हजर करावं लागतं. दुपारी तो आला. मंडळाने मला सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या आणि आजूबाजूच्या परिस्थितीचा अहवाल, द्यायला सांगितला. त्या दिवसापासून पंधरा दिवस. या कायद्याच्या आदर्श नियमांतला सहा नंबरचा फॉर्म त्यासाठी भरायचा.

त्याला समोर बसवून मी पहिला प्रश्न विचारला तो चुकीचा होता. "का केलंस?" तो गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. अर्धा तास असाच गेला. त्याच्या एका चपलेचा पट्टा तुटला होता, तो सेफ्टी पिनने अडकवलेला, आणि तो सगळा वेळ अंगठ्याने ती पिन दाबत होता. पोलिसांच्या कागदावर पत्ता होता, 'दर्ग्याच्या मागे, संडासाजवळ'. या पत्त्यावर घर सापडणार नाही हे मलाही कळत होतं. म्हणून मी पाठकोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, "मला तुझ्या घरी जायचंय. स्टेशनपासून रस्ता काढून दे."

तो बोलला नाही, पण काढायला लागला. शेअर रिक्षाचा स्टँड, नाला, पाण्याचा नळ, वस्तीतल्या मंडळाचं ऑफिस, झोपलेला कुत्रासुद्धा. आणि मधोमध एक मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, घरापेक्षाही मोठं. शटरच्या आडव्या रेघा त्याने एकेक करून मारल्या. पूर्ण नकाशात शाळा कुठेच नव्हती. मी विचारलं, "हे दुकान कुणाचं?" मग तो बोलायला लागला. आठवीनंतर, नववीच्या पहिल्या सहा महिन्यांतच शाळा सुटली. या दुकानात तो बसायचा. डिस्प्ले बदलायला, चार्जिंग जॅक सोल्डर करायला शिकला. दुकानातल्या दादाने आधी पैसे दिले, मग 'माल' आणायला सांगितलं. सोबतचा चोवीस वर्षांचा तरुण त्या दादाचाच माणूस.

तो कागद मी फाईलला लावला. तेव्हापासून प्रत्येक मुलाकडून मी घराचा रस्ता काढून घेते.

दुसऱ्या दिवशी त्याची आई भेटली. गेटबाहेर कुणीतरी 'साहेबांशी ओळख आहे, सोडवून देतो' म्हणून त्यांच्याकडून तीन हजार रुपये घेतले होते. तो माणूस पुन्हा दिसलाच नाही. मुलाचं असं काही झालं असेल तर एवढं लक्षात ठेवा: मंडळापुढे मुलाला मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाकडून. बाहेर कुणालाही एक रुपया देऊ नका. आत या, परिविक्षा अधिकारी कोण आहे विचारा. आणि कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन देणं हाच नियम आहे. सोडल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं मंडळाला सकारण वाटलं तरच तो नाकारला जातो.

वयाच्या पुराव्यात माझ्याकडून जी चूक झाली तिची किंमत पुढे वर्षभर मोजावी लागली, म्हणून ती सविस्तर सांगते. आईने आधार कार्ड आणलं, त्यावर जन्मतारीख १ जानेवारी. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तेव्हा वैद्यकीय चाचणी. मुलगा गावी जन्मलेला, तिथे नोंद नाही. म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हवा. मी मंडळाचं पत्र घेऊन शाळेत गेले. कारकुनाने ते पत्र शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. माझ्या डोळ्यांदेखत पाच मिनिटांत त्या मुलाचं नाव शाळाभर झालं. उतारा तिसऱ्या दिवशी मिळाला, पण मी घरी जाऊन रडले. सर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आईच्या सहीचा साधा अर्ज द्यायचा. पालक उतारा मागतात, त्यात कुणाला काही विचारायचं कारण नाही." पत्र फक्त अडलंच तर काढायचं. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं.

१५ जुलैला आईच्या हमीपत्रावर तो घरी गेला, माझ्या देखरेखीखाली. दर शनिवारी भेट.

आता अहवाल. मी पहिली गृहभेट सकाळी अकराला केली. नकाशा घेऊन, पावसात. नळ, मंडळ, कुत्रा सगळं जागेवर होतं. घर दहा बाय बारा, वर पोटमाळा. आई इमिटेशन ज्वेलरीच्या कानातल्यांना खडे चिकटवतात, ग्रोसवर पैसे मिळतात. एक ग्रोस म्हणजे १४४ नग. वडील टँकरवर क्लीनर, आठवड्यातून दोनदा घरी. मी विचारत होते, त्या मान खाली घालून खडे लावत होत्या. उत्तरं तुटक. मी ऑफिसला येऊन लिहिलं: 'आईचे मुलाकडे दुर्लक्ष आहे. घरात शिस्त नाही.'

सरांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं आणि 'दुर्लक्ष'खाली पेन्सिलने रेघ मारली. "हे तुम्ही पाहिलंत का?"

मी म्हटलं, "त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या."

"मग एवढंच लिहा की बघत नव्हत्या. आणि का बघत नव्हत्या ते शोधून या."

दुसऱ्या भेटीला संध्याकाळी गेले, घराला कुलूप. तिसऱ्या भेटीला पहाटे पाचला पोचले. पाणी साडेपाचला येतं आणि वीस-पंचवीस मिनिटंच राहतं. आई रांगेत उभ्या होत्या, मुलगा हंडे वाहून नेत होता, एक धाकटी बहीण दारात उभी राहून ड्रम भरला की ओरडत होती. पाणी गेल्यावर चहा झाला आणि तेव्हा त्या माझ्याशी बोलल्या. अकरा वाजेपर्यंत दोन ग्रोस पूर्ण करून द्यावे लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी माल मिळत नाही, म्हणून त्या दिवशी मान वर करता आली नव्हती. मुलगा दुकानातून रोज शंभर-दोनशे आणतो हे त्यांना माहीत होतं. काम शिकतोय असंच वाटत होतं. "मला वाटलं मॅडम, हातात कला आली पोराच्या." हे बोलतानाही त्यांची बोटं खडे उचलत होती. लाकडी काडीच्या टोकाला मेण, त्याला खडा चिकटतो, मग गोंदाच्या थेंबावर टेकवायचा. त्या एकदाही चुकल्या नाहीत.

शिस्तीचं वाक्य मी खोडलं. त्या जागी पहाटेची पाण्याची वेळ, कामाचे तास, घरात येणारे पैसे, कुणाची झोप किती, मुलगा घरात काय काम करतो, सगळं लिहिलं. फॉर्ममध्ये शेजाऱ्यांच्या मताचाही रकाना आहे. तो भरायचा आणि शेजाऱ्यांना मुलाबद्दल काही कळूही द्यायचं नाही, हे अवघड वाटत होतं. मी ओळीने बारा घरं केली, प्रत्येक ठिकाणी शाळा सुटलेली मुलं किती आहेत ते विचारलं. बाल संरक्षणाच्या कामात ही माहिती लागतेच. बोलता बोलता याच्याबद्दलही ऐकायला मिळालं, आणि शाळा सुटलेली आणखी चार मुलं सापडली. त्यांची यादी क्षेत्र कार्यकर्तीला दिली.

शिफारशीत मी तीन गोष्टी लिहिल्या. मुलाला त्या दुकानापासून लांब ठेवणं, समुपदेशन, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. मुलाचा गुन्ह्यासाठी वापर करणाऱ्या सज्ञान माणसाला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे, म्हणून दुकानाबद्दल मुलाने सांगितलेलं वेगळ्या परिच्छेदात नोंदवलं. २४ जुलैला, चौदाव्या दिवशी, अहवाल दिला. पहिला मसुदा आठव्या दिवशी तयार ठेवा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. पुन्हा भेट द्यायला दिवस उरले पाहिजेत.

चौकशी चार महिन्यांत पूर्ण व्हावी असं कायदा सांगतो. आमची तीनच तारखांत झाली. प्रत्येक वेळी असं होत नाही, माझ्याकडच्या काही फायली मुदतवाढ घेऊन चालू आहेत. १८ ऑक्टोबरला आदेश आला: कलम १८ प्रमाणे सद्वर्तनाच्या परिविक्षेवर, म्हणजे चांगलं वागण्याच्या अटीवर, आईच्या ताब्यात, एक वर्ष, माझ्या देखरेखीखाली. कायद्यात ही मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. सदस्य बाईंनी मुलाला समजावून सांगितलं आणि विचारलं, "काय कळलं ते तुझ्या शब्दांत सांग." तो म्हणाला, "मॅडम घरी येणार." तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. अटी एकेक करून त्याच्याकडून वदवून घेतल्या.

सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो काढायला आम्ही ऑगस्टपासूनच मागे लागलो होतो. शाळेत सगळ्यांना माहीत झालेलं होतंच. आज मुख्याध्यापक नाहीत, उद्या शिक्का नाही, परवा जुनी फी बाकी आहे. आई पाच वेळा गेल्या, म्हणजे पाच दिवसांचे ग्रोस बुडाले. सहाव्या वेळी मी सोबत गेले, बाकावर बसून राहिले, दाखला मिळेपर्यंत उठले नाही. फॉर्म मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात भरला.

शनिवारच्या भेटी सुरुवातीला कठीण होत्या. तो यायचा, सही करायचा, निघायचा. मग मी त्याला बीजगणिताचं पुस्तक घेऊन यायला सांगितलं. मला गणित फार येत नाही, पण दोघं मिळून उदाहरणं सोडवायचो आणि त्यातच बाकीचं बोलणं व्हायचं.

फेब्रुवारीत तो दोन शनिवार आला नाही. फोन बंद. मी घरी गेले तेव्हा आईलाही ठाऊक नव्हतं. तो मावशीकडे निघून गेला होता. सज्ञान तरुणाचा खटला वेगळ्या कोर्टात चालू होता आणि याने तिथे तोंड उघडू नये म्हणून दुकानाकडची माणसं त्याला रस्त्यात अडवत होती. मला भीती वाटली ती दुहेरी. त्याच्या जिवाची, आणि अहवालात हे लिहिलं तर परिविक्षा रद्द होईल याची. ती रात्र मी जागून काढली. सकाळी सगळं जसंच्या तसं लिहिलं: गैरहजर राहिला, कारण हे, धमकी देणारे हे, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना या तारखेला कळवलं. मंडळाने त्याला बोलावून ऐकून घेतलं, पोलिसांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि परिविक्षा चालू ठेवली. मी लपवलं असतं आणि नंतर उघड झालं असतं, तर पुढे त्याच्या बाजूने लिहिलेल्या कुठल्याच ओळीवर कुणी विश्वास ठेवला नसता.

१ मार्चला दहावी सुरू झाली. पेपरांच्या दिवसांत तो मावशीकडेच राहिला. २७ मेला निकाल लागला. गणित आणि विज्ञान राहिलं. फोनवर तो रडत होता आणि मला काय बोलावं सुचेना. जुलैच्या पुरवणी परीक्षेत विज्ञान सुटलं. गणित अजून राहिलं आहे. सध्या तो मावशीच्या ओळखीने एका वायरमनच्या हाताखाली दिवसा जातो आणि संध्याकाळी क्लासला. मोबाईल दुरुस्तीचा विषय मी काढत नाही. एकदा त्यानेच काढला, "सोल्डरिंग विसरलो नाही मी."

शेवटच्या अहवालाच्या दिवशी आई सोबत आल्या होत्या. आदेश वाचून झाल्यावर बाहेर बाकावर बसून त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, उद्या कुठं नोकरीला लागला आन् पोलिसांची चौकशी आली, तर हे निघंल का?" मी सांगितलं, कलम २४ आहे. बाल न्याय मंडळाने निकाल दिलेल्या अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि ठरावीक काळानंतर नोंदही नष्ट करतात.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या.

मी वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम २४'. त्यांनी ते घडी घालून रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं, पिशवीला रबर लावलं आणि सँडहर्स्ट रोडला जायला निघाल्या. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत माल द्यायचा होता.